समुद्रातल्या बंद गल्ल्या आणि त्यांची तोंडं

गेटवेवरून एलिफंटाची लाँच सुटली की पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांचे मोबाइल मागे वळलेले असतात. ताज, गेटवे आणि हातातल्या वेफर्ससाठी अंगावर येणारे सीगल. पुढे बघणारं माणूस एखादंच. गेल्या डिसेंबरात आमची गिरगावची आत्या तशी बघत बसली होती. मध्येच बोट दाखवून म्हणाली, "ते बेटावर काय रे? टाक्या का?"

टाक्याच होत्या. ते बुचर बेट, सरकारी नाव जवाहर द्वीप. धक्क्याला एक टँकर लागलेला होता. भरलेला असणार, कारण पाण्यात इतका खाली बसला होता की बुडाचा लाल रंग जेमतेम हातभर दिसत होता. इथे उतरलेलं तेल समुद्राखालच्या पाइपांतून माहुलच्या रिफायनऱ्यांकडे जातं.

"कुठनं आलंय हे?"

"आखातातून असेल."

"म्हणजे टीव्हीवर ते खाडी खाडी म्हणतात तेच ना? मला आधी वाटायचं, ठाण्याच्या खाडीतच काहीतरी झालंय."

आत्याचं काही चुकलेलं नाही. हिंदीत आखाताला 'खाड़ी' म्हणतात, आणि आपल्याकडे खाडी म्हणजे ठाण्याची, वसईची, माहीमची. समुद्राचं पाणी भरतीला आत शिरतं, ओहोटीला बाहेर जातं आणि काठाला तिवरं वाढतात, ती खाडी. आखात म्हणजे त्याच्या शेकडो पट मोठा प्रकार: समुद्र जमिनीत खोल घुसलेला, तीन बाजूंनी जमीन, एका बाजूला तोंड. उपसागरही तसाच, पण त्याचं तोंड ऐसपैस उघडं, बंगालच्या उपसागरासारखं. आणि दोन समुद्रांना जोडणारी पाण्याची अरुंद पट्टी म्हणजे सामुद्रधुनी. शाळेत हा शब्द आम्ही घोकून पाठ केला, अर्थ कोणी सांगितला नाही. धुनी म्हणजे संस्कृतात नदी. समुद्राची नदी. दोन्ही काठ दिसतील अशी, आणि बऱ्याचदा नदीसारखाच प्रवाह असलेली.

पुढचं समजून घ्यायला मुंबईकराला एकच उपमा पुरते. आखात म्हणजे समुद्रातली बंद गल्ली. सामुद्रधुनी म्हणजे त्या गल्लीचं तोंड, किंवा दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारा बोळ. बोळ किती महत्त्वाचा, हे तो किती अरुंद आहे यावर ठरत नाही. त्याला दुसरा रस्ता आहे का, आणि तो किती लांबून आहे, यावर ठरतं. वाशीचा पूल तुंबला तर ऐरोलीवरून जाता येतं, आता अटल सेतूही आहे. ते दोन्ही नसते तर वाशीच्या पुलावर बंद पडलेल्या एका ट्रकने अख्ख्या शहराची भाजी अडवली असती.

हे नीट पटायला उलटं उदाहरण बघू. भारत आणि श्रीलंका यांच्यामधली पाल्कची सामुद्रधुनी नकाशावर किती मोक्याची दिसते! मद्रासचा गव्हर्नर रॉबर्ट पाल्क याचं नाव तिला मिळालंय. पण मोठी जहाजं तिथून जातच नाहीत. तिच्या आणि मन्नारच्या आखाताच्या मध्ये रामसेतूची उथळ रांग आहे, काही ठिकाणी पाणी पुरुषभरही नाही. त्यामुळे मुंबईहून चेन्नईला जाणारं मोठं जहाज मुकाट्याने श्रीलंकेला वळसा घालतं. तिथे कालवा खणायचा सेतुसमुद्रम प्रकल्प २००५ मध्ये सुरू झाला आणि अडकला. वळसा फार लांबचा नाही, म्हणून कोणाचं फारसं अडलंही नाही. अरुंद असूनही जागतिक व्यापाराच्या दृष्टीने ही सामुद्रधुनी किरकोळ.

आता होर्मुझ, इराणच्या आखाताचं तोंड.

इराणचं आखात आपल्याला उगाच प्रचंड वाटतं. क्षेत्रफळ सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा लहान. आणि उथळ. सरासरी खोली पन्नास मीटरही नाही. लालबागचा एखादा नवा टॉवर त्याच्या तळावर उभा केला तर वरचे बरेच मजले कोरडे राहतील. वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात, जगातल्या समुद्रांची पातळी आजच्यापेक्षा शंभर-सव्वाशे मीटर खाली होती, तेव्हा इथे समुद्र नव्हताच. खोरं होतं आणि त्यातून टायग्रिस-युफ्रेटिसचं पाणी वाहत होर्मुझपर्यंत यायचं. बर्फ वितळलं, समुद्र चढला, खोऱ्याची गल्ली झाली.

गल्लीत घरं कोणाची? इराक, कुवेत, बहरीन आणि कतार या चौघांना दुसरा किनाराच नाही. सौदी, अमिराती आणि इराण यांना बाहेर दुसरीकडेही किनारा आहे, पण त्यांचंही बरंचसं तेल गल्लीच्या आतच निघतं आणि आतच जहाजात भरलं जातं. इराणचं तेल भरायचं मुख्य ठिकाण, खार्ग बेट, तेही आत. म्हणजे होर्मुझ अडवण्याची धमकी इराण वर्षानुवर्षं देत आला असला, तरी त्याचीही चूल याच बोळातून पेटते.

तोंडाशी उत्तरेला इराण आणि दक्षिणेला मुसंदम. हे मुसंदम ओमानचं, पण ओमानपासून तुटलेलं. मध्ये अमिरातींची जमीन आहे. उघडे, तपकिरी डोंगर सरळ समुद्रात उतरलेले आणि त्यांच्या मध्ये लांबच लांब खाड्या घुसलेल्या. सर्वांत अरुंद जागी सामुद्रधुनी एकवीस सागरी मैल, म्हणजे चाळीस किलोमीटरच्या आत. चर्चगेटहून बोरिवली गाठायला जवळपास तेवढंच अंतर कापावं लागतं. एवढं पाणी असताना अरुंद कशी, असा प्रश्न पडतो. उत्तर असं, की टँकर सगळ्या चाळीस किलोमीटरांत फिरत नाहीत. तीनशे मीटरहून लांब, भरलेला टँकर पाण्याखाली वीस मीटर आणि कधी त्याहून जास्त खोल असतो; ब्रेक मारला म्हणून तो थांबत नाही, काही किलोमीटर पुढे जाऊनच थांबतो. म्हणून तिथे आपल्या हायवेसारख्या लेन आखल्या आहेत: आत जाणाऱ्यांसाठी दोन सागरी मैल, बाहेर येणाऱ्यांसाठी दोन, आणि मध्ये दुभाजक म्हणून दोन. या लेन मुसंदमजवळून, ओमानच्या पाण्यातून जातात, कारण खोल पाणी त्या बाजूला आहे.

२०२४ मध्ये या लेनमधून दिवसाला सरासरी २ कोटी बॅरल तेल आणि तेलाचे पदार्थ गेले. जग रोज जाळतं त्याचा जवळपास पाचवा हिस्सा. सर्वांत मोठ्या जातीच्या टँकरमध्ये सुमारे २० लाख बॅरल मावतात, म्हणजे सगळं तशाच टँकरांत भरलं तरी रोज दहा जहाजं. शिवाय कतारचा द्रवरूप वायू. आणि यातला बहुतेक माल पूर्वेकडे वळतो: चीन, भारत, जपान, कोरिया. होर्मुझची काळजी वॉशिंग्टनमध्ये जास्त ऐकू येते, पण खरं ओझं आशियाच्या डोक्यावर आहे.

आता कसोटी लावू: दुसरा रस्ता? जहाजासाठी नाही. आखात बंद गल्ली आहे, मागून दार नाही. तेलासाठी मात्र थोडा आहे, जमिनीवरून. इराण-इराक युद्धाच्या काळात सौदीने वाळवंट आडवं ओलांडून लाल समुद्रावरच्या यानबूपर्यंत बाराशे किलोमीटरची पाइपलाइन टाकली. अमिरातींनी २०१२ मध्ये हबशानहून फुजैराला तेल न्यायला सुरुवात केली. फुजैरा बंदर बोळाच्या बाहेर, ओमानच्या आखातावर आहे. दोन्ही मिळूनही होर्मुझमधल्या सगळ्या तेलाची सोय होत नाही. आणि सौदीच्या मार्गात एक गंमत आहे. यानबूला टँकर भरून मुंबईकडे निघालात तर वाटेत लाल समुद्राच्या दक्षिण टोकाची सामुद्रधुनी, बाब-एल-मंदेब, लागते. एका बोळातून सुटका करून घेतली ती दुसऱ्या बोळात शिरण्यासाठी. कतारच्या वायूला तर हीही सोय नाही. आपल्याकडे २००४ पासून तो दहेजला उतरतो, म्हणजे एका आखातातून निघून खंबातच्या आखातात येतो. त्याचा वर्षाला ७५ लाख टनांचा करार २०४८ पर्यंत वाढवलेला आहे.

लोकांचा एक गैरसमज असतो. सामुद्रधुनी बंद करणं म्हणजे साखळी ओढून दोन युद्धनौका आडव्या लावणं, असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. एवढं करावं लागत नाही. १९८० च्या दशकात इराण आणि इराक यांनी एकमेकांच्या तेलाच्या जहाजांवर वर्षानुवर्षं हल्ले केले, तरी होर्मुझ पूर्ण बंद पडली नाही. पण प्रत्येक हल्ल्यानंतर जहाजाचा विमा महागला. तिथे खरा काटा असतो. जहाजाच्या नेहमीच्या विम्यात युद्धाचा धोका धरत नाहीत. लंडनमधली विमेवाल्यांची एक समिती धोक्याच्या पाण्याची यादी काढते, आणि त्या पाण्यात शिरायचं तर जहाजाच्या किमतीच्या ठरावीक हिश्श्याएवढा वेगळा हप्ता भरावा लागतो, तोही साधारण सात दिवसांपुरता. लाल समुद्रातल्या हल्ल्यांच्या वेळी हा दर १ टक्क्याच्या आसपास गेला होता. १० कोटी डॉलरचं जहाज असेल तर एका फेरीचे १० लाख डॉलर. मालक हिशेब करतो आणि म्हणतो, नको, लांबून जाऊ. तोफ चालायच्या आधी कॅल्क्युलेटर चालतो.

कायदा काय म्हणतो? १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्यानुसार प्रत्येक देशाचं पाणी किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत. होर्मुझ एकवीस मैल. बारा इकडून, बारा तिकडून, म्हणजे मध्ये कोणाचंच नसलेलं पाणी उरतच नाही. असं जिथे जिथे होतं तिथे सर्व देशांच्या जहाजांना विनाअडथळा पार जायचा हक्क दिलेला आहे, आणि नुसतं पार जाण्यासाठी पैसे मागता येत नाहीत. खणलेल्या कालव्याची गोष्ट वेगळी. सुएझ आणि पनामा टोल घेतातच. पण इराणने या करारावर सही करूनही त्याला मान्यता दिलेली नाही, आणि या हक्कासाठी सर्वांत जास्त आवाज करणाऱ्या अमेरिकेने तर सहीसुद्धा केलेली नाही. कोर्टात दोघांचेही वकील घाम पुसतील.

टोलवरून आठवलं. डेन्मार्कने १४२९ पासून १८५७ पर्यंत बाल्टिक समुद्राच्या तोंडावर बसून टोल घेतला. किती, तर मालाच्या किमतीनुसार, आणि किंमत कप्तानानेच सांगायची. मग कप्तान कमी नाही का सांगणार? राजाने त्यावर तोड काढली होती: सांगितलेल्या किमतीला माल विकत घ्यायचा हक्क राजाचा. चारशे वर्षांपूर्वीचं हे डोकं आपल्या स्टॅम्प ड्युटीवाल्यांना दाखवायला हवं.

आपल्या इतिहासातही हे शहाणपण होतं. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला तेव्हा मुंबईचे इंग्रज एवढे का बिथरले? बेट ते केवढंसं, पिकत तर काहीच नाही. पण ते मुंबई बंदराच्या तोंडाशी आहे. इंग्रजांनी गलबतं पाठवून बांधकाम अडवायचा प्रयत्न केला, लढाई झाली, तरी किल्ला उभा राहिलाच. मग सिद्दीने लगेच शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं. पुढे कान्होजी आंग्र्यांनी याच किनाऱ्यावर दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय जहाजं जाऊ द्यायची नाहीत असा नियम केला. इंग्रज त्यांना चाचे म्हणत. स्वतः घेतला की कर, दुसऱ्याने घेतला की चाचेगिरी.

त्याही आधी हे ओळखलं होतं पोर्तुगीजांनी. त्यांचा गव्हर्नर अल्बुकर्क याने १५१० मध्ये गोवा घेतलं, १५११ मध्ये मलाक्का, १५१३ मध्ये येमेनमधल्या एडनवर चढाई करून मार खाल्ला, आणि १५१५ मध्ये होर्मुझवर पक्का ताबा मिळवला. नकाशावर ही चार ठिकाणं बोटाने जोडून बघा. त्याला राज्य करायला जमीन नको होती, हिंदी महासागराची दारं हवी होती. एडनचं दार त्याच्या हाती लागलं नाही, आणि लाल समुद्रातला मिऱ्यांचा व्यापार पोर्तुगीजांना कधीच पुरता रोखता आला नाही.

एडन म्हटलं की मराठी माणसाला एक नाव आठवायला हवं. वासुदेव बळवंत फडके. पनवेलजवळच्या शिरढोणचा हा माणूस जन्मठेपेवर एडनच्या तुरुंगात गेला आणि १८८३ मध्ये तिथेच वारला. शाळेत मला प्रश्न पडायचा की अंदमान सोडून थेट अरबस्तानात कशाला नेलं? कारण साधं आहे. एडन तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईहून फौज पाठवून ते घेतलं, आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबईतूनच चालला. सातारा, धारवाड, एडन: एकाच इलाख्यातले. आगबोटींना वाटेत कोळसा भरायला जागा हवी होती आणि लाल समुद्राच्या दारावर नजर ठेवायची होती.

ते दार म्हणजे बाब-एल-मंदेब. अरबीत अर्थ होतो अश्रूंचं दार. आफ्रिका आणि अरबस्तान हे भूखंड एकमेकांपासून दूर सरकताना पडलेली भेग म्हणजे लाल समुद्र आणि एडनचं आखात; भेग अजूनही रुंदावतेय. दार सुमारे तीस किलोमीटरचं, आणि मध्ये पेरिम नावाचं बेट. एका बाजूला येमेन, समोर जिबुती. जिबुती हा चिमुकला देश, पण तिथे अमेरिका, फ्रान्स, जपान, इटली आणि चीन या पाचांचे लष्करी तळ आहेत. एका इमारतीत पाच भाडेकरू, त्यांतल्या काहींचं एकमेकांशी पटत नाही, आणि मालक निवांत भाडं मोजतोय.

नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांनी 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज हेलिकॉप्टरमधून उतरून ताब्यात घेतलं. ते तुर्कस्तानहून गुजरातच्या पिपावावला येत होतं. त्यानंतर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सुरू झाली. इथे दुसरा रस्ता आहे, पण आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून, दक्षिणेच्या टोकावरून. युरोपच्या फेरीला दहा ते चौदा दिवस जास्त. आणि हे सगळं नाशिकच्या द्राक्षांच्या ऐन हंगामात. शून्य अंशाला गार केलेली, पेटीत गंधकाचा पॅड घालून बंद केलेली द्राक्षं नेदरलँड्सला जातात. त्यांना दोन आठवडे जास्त म्हणजे घडाचा देठ वाळणं, म्हणजे तिकडच्या गिऱ्हाइकाने नाक मुरडणं, वर कंटेनरचं भाडं कितीतरी पट. येमेनमधल्या भांडणाची झळ पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसला बसते ती अशी.

माझा मामेभाऊ शिपवर सेकंड ऑफिसर आहे. एडनच्या आखातातून जातानाचं त्याने सांगितलं होतं: "दादा, रेलिंगला चहूबाजूंनी काटेरी तारा गुंडाळतो, जाड होस बाहेर सोडून पाण्याचा मारा चालू ठेवतो. रात्री डेकवर दिवा नाही. आणि आत एक खोली ठरलेली असते, सिटाडेल म्हणतात. चाचे चढलेच तर सगळ्यांनी तिच्यात घुसायचं आणि आतून बंद करायचं." मी विचारलं, भीती वाटते का? म्हणाला, "वॉच असतो तेव्हा नाही. झोपायला गेलो की वाटते." मार्च २०२४ मध्ये 'आयएनएस कोलकाता' या आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या नौकेने 'रुएन' जहाज चाच्यांकडून सोडवलं आणि पस्तीस सोमाली चाचे पकडून मुंबईला आणले, तेव्हा आमच्या मामीने देवापुढे साखर ठेवली. तिच्या मुलाचं जहाज तेव्हा ब्राझीलमध्ये होतं, पण ते तिला सांगून उपयोग नव्हता.

लाल समुद्राचं दुसरं टोक म्हणजे सुएझ. हा कालवा आहे, माणसाने केलेली सामुद्रधुनी म्हणा. १७ नोव्हेंबर १८६९ ला उघडला आणि लंडन-मुंबई अंतर जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी झालं. आजची मुंबई त्या कालव्यामुळे बरीचशी घडली, असं मी ठामपणे म्हणेन. १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, मग व्हिक्टोरिया डॉक. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजाला मुंबई काय आणि कोलकाता काय, फार फरक नव्हता; सुएझहून येणाऱ्याला मुंबई पहिली लागते.

तो कालवा आठ वर्षं बंद होता, आणि ते प्रकरण एका लहानशा बोळापासून सुरू झालं. लाल समुद्राच्या उत्तरेला अकाबाचं आखात आहे. चार देशांनी वाटून घेतलेली अरुंद गल्ली, तिचं तोंड म्हणजे तिरान. मे १९६७ मध्ये इजिप्तच्या नासेरनी तिरान इस्रायलच्या जहाजांना बंद केली. ५ जूनला युद्ध पेटलं, आणि सुएझ जो बंद पडला तो थेट जून १९७५ मध्ये उघडला. कालव्यात अडकलेल्या पंधरा जहाजांवर वाळवंटाची पिवळी धूळ साचत राहिली. तेलवाल्यांनी काय केलं? दुसरा रस्ता लांब पडतो ना, मग एका फेरीत जास्त न्या. अवाढव्य टँकर बांधायचा सपाटा तेव्हा वाढला. पुढे मार्च २०२१ मध्ये चारशे मीटरचं 'एव्हर गिव्हन' त्याच कालव्यात आडवं अडकलं आणि सहा दिवस रस्ता बंद. त्यावरचे पंचवीसच्या पंचवीस खलाशी भारतीय होते.

मलाक्काबद्दल खूप लिहिलं जातं, मी थोडक्यात आटोपतो. मलेशिया आणि सुमात्रा यांच्यामधली लांबलचक सामुद्रधुनी, सिंगापूरजवळ तीन किलोमीटरहूनही अरुंद होते. चीन, जपान, कोरिया यांच्या तेलाची वाट हीच. पण माझ्या कसोटीवर ती होर्मुझइतकी धारदार नाही, कारण जवळच सुंदा आणि लोंबोक हे बोळ आहेत. काही दिवस जास्त लागतील, माल अडणार नाही. आपल्यासाठी महत्त्वाचं एवढंच, की मलाक्काचं पश्चिमेकडचं तोंड ग्रेट निकोबारसमोर उघडतं. इंदिरा पॉइंटपासून सुमात्रा दीडशे किलोमीटरच्या आसपास. चीनला अंदमान-निकोबारची चिंता वाटते ती त्यामुळे. राजेंद्र चोळाच्या आरमाराने १०२५ मध्ये याच भागातल्या श्रीविजय राज्यावर चढाई केली होती, तेव्हाही मुद्दा व्यापाराच्या वाटेचाच असावा.

होर्मुझच्या आतल्या लोकांशी मुंबईचं नातं तेलाच्या आधीचं आहे, हे मात्र सांगायलाच हवं. बहरीन-कुवेतचे मोती विकायला मुंबईत यायचे, त्यांचे व्यापारी इथे महिनोन्‌महिने राहायचे. तिकडे चलन आपलाच रुपया. सोन्याच्या तस्करीत रुपया बाहेर वाहून जायला लागला म्हणून रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. पुढच्या दहा-बारा वर्षांत एकेका देशाने स्वतःचं चलन आणलं. आज इथला माणूस तिकडे कमवायला जातो. साठ-सत्तर वर्षांपूर्वी तिकडचा पैसा नाशिकला छापून जात होता.

आणि आज? एप्रिल २०२४ मध्ये इराणने होर्मुझजवळ 'एमएससी एरीज' हे जहाज पकडलं. पंचवीस खलाशी, त्यांतले सतरा भारतीय, आणि जहाज न्हावा शेवाला यायला निघालेलं. कांदा दुबईला जातो तोही याच बोळातून, कारण जेबेल अली बंदर आतल्या बाजूला आहे. पाकिस्तानला टाळून अफगाणिस्तान आणि मध्य आशियात जाता यावं म्हणून भारताने इराणच्या चाबहार बंदरात रस घेतला. तेही बोळाबाहेर, ओमानच्या आखातावर आहे.

कच्च्या तेलासाठी आपण विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूरला जमिनीखालच्या खडकांत ५३ लाख टनांची कोठारं केली आहेत. स्वयंपाकाच्या गॅसचं तसं नाही. आपण वापरतो त्यातला निम्म्याहून जास्त एलपीजी बाहेरून येतो, बहुतेक आखातातून. वर्षाचा खप तीन कोटी टनांच्या आसपास, म्हणजे रोज ऐंशी हजार टन. आणि विशाखापट्टणमचं एलपीजीचं भूमिगत कोठार साठ हजार टनांचं. एक दिवसही पुरत नाही. हे परतीच्या लाँचवर सांगितल्यावर आत्या लगेच म्हणाली, "माझा दुसरा सिलिंडर भरलेला असतो नेहमी. तुझ्या काकांची शिकवण."

ऊन कलतं झालं होतं. बुचर बेट पुन्हा आलं तेव्हा मी मोबाइलमध्ये होतो. आत्याने कोपर मारलं.

"अरे, हे सकाळचंच जहाज ना? वर कसं आलं?"

सकाळी हातभर दिसणारा लाल पट्टा आता माणसाच्या उंचीएवढा झाला होता.

"रिकामं होतंय," मी म्हटलं.

"मग परत तिकडेच जाणार?"

"तिकडेच. तीन-चार दिवसांची वाट आहे."